शाफ्टवर रुजू होण्यापूर्वी

अनेक आशीर्वाद.

खाणीच्या शाफ्टच्या, म्हणजे खाली खनिजापर्यंत उतरणाऱ्या उभ्या विहिरीच्या, पोलादी कामावर तुझी नेमणूक झाल्याचं वाचून बरं वाटलं. शाफ्टच्या तोंडावरच्या मनोऱ्याबद्दल, हेडफ्रेमबद्दल, तू पानभर लिहिलं आहेस. काम देखणंच आहे, पण ते उन्हात उभं असतं, त्यात काही वाकडं झालं तर येणाजाणाऱ्यालाही दिसतं. शाफ्टच्या आत बसवलेलं काही नंतर सरळ करायचं म्हणजे अख्ख्या खाणीचं उत्पादन थांबवायचं. तिथे "चालेल" म्हणणारे पुष्कळ भेटतील. तू म्हणू नकोस.

गाइडचंच घे. आडव्या तुळयांवर, म्हणजे बंटनांवर, उभे रूळ, म्हणजे गाइड, बसतात आणि त्यांच्या आधाराने खनिज भरलेली स्किप, म्हणजे मोठी बादली, धावते. बंटन पाच-पाच मीटरवर असतील आणि स्किप सेकंदाला १५ मीटरने जात असेल, तर ती सेकंदाला तीन बंटन ओलांडते. गाइडच्या सांध्याला दोन-चार मिलिमीटरची पायरी राहिली, की तिथे दर फेरीला दणका बसतो. त्या दणक्याने बोल्ट सैल होतात, सैल बोल्टांमुळे दणका वाढतो.

ओळंबा सोडताना घाई नको. खोल शाफ्टमध्ये लांब तार वाऱ्याच्या झोताने सरकते, वरून टपटपणारं पाणीही तिला ढकलतं. शक्य असेल तर पंखा थांबवायला लाव, वजन तेलाच्या पिंपात बुडव आणि झोके शमल्यावरच वाच. लोक कंटाळतात, शिफ्ट संपत आलेली असते. कंटाळू देत.

आता पाणी. लायनिंगमागे, म्हणजे शाफ्टच्या काँक्रीटच्या भिंतीमागे, पाणी कोंडलं तर हजार मीटर खोलीवर दाब शंभर बारच्या, म्हणजे हवेच्या दाबाच्या शंभरपटीच्या, आसपास जातो. एवढा भार झेलणारी भिंत बांधायची की निचऱ्याची भोकं ठेवून दाब उतरवायचा, हे डिझाइनमध्ये ठरलेलं असतं. निचरा ठरला असेल तर ती भोकं काँक्रीटने बुजली नाहीत ना, हे बॅटरी मारून बघ. आणखी एक जागा बघ: काँक्रीटची प्रत्येक नवी रिंग आधीच्या रिंगच्या खाली ओतली जाते, म्हणून वरचा सांधा नीट भरत नाही, पोकळ राहतो. हातोडीने ठोकून पाहा, पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो. शिवाय धातूच्या खाणीत सल्फाइड असलं की पाणी आम्लधर्मी होतं आणि बंटन खातं. जस्ताचा थर जिथे वेल्डिंगने जळला, तिथूनच सुरुवात होते.

पडणाऱ्या वस्तूंबद्दल तर तुझ्या पत्रात ओळही नाही! हवेचा अडथळा सोडला तर ५०० मीटर पडलेला नट सेकंदाला जवळपास १०० मीटर वेगाने खाली पोचतो. हत्यार दोरीने बांधल्याशिवाय कोणी स्टेजवर, म्हणजे शाफ्टमध्ये टांगलेल्या कामाच्या फळीवर, येणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांग. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेत वाल रीफ्सच्या सोन्याच्या खाणीत रुळांवरचं इंजिनच शाफ्टमध्ये कोसळलं आणि माणसं नेणाऱ्या पिंजऱ्यावर आदळलं. १०४ माणसं गेली. रूळ शाफ्टच्या तोंडाशी येतात तिथला अडसर म्हणजे किरकोळ फॅब्रिकेशन, असं कोणी म्हणालं तर त्याला हे सांग. बंटनाइतक्याच काटेकोरपणे त्याचं ड्रॉइंग तपास.

पोचल्यावर आधी सर्व्हेयरला गाठ आणि लायनिंगच्या प्रत्येक रिंगचं प्रत्यक्ष माप माग. बांधलेला व्यास ड्रॉइंगशी सहसा जुळत नाही. बंटन ड्रॉइंगवरून कापून आले असतील तर माणसं स्टेजवर लटकत पॅकिंगच्या पट्ट्या घालत बसतात. मापं हातात येईपर्यंत कापणीची ऑर्डर अडवून धर. वरून फोन येतील, तेव्हा मापांचा कागद पुढे कर.