वाचकांचे प्रश्न : हेडलाइट आणि रस्त्यावरचा उजेड

प्रश्न : गाडीतले एच-४ हॅलोजन बल्ब काढून एलईडी बल्ब बसवले. उजेड पांढराशुभ्र पडतो, पण लांबचे पूर्वीइतके दिसत नाही आणि समोरून येणारे सारखे डिपर मारतात. बल्ब सदोष आहेत का?

बल्ब चांगलेही असतील; ते ज्या रिफ्लेक्टरमध्ये (दिव्यामागच्या आरशासारख्या वाटीत) बसले आहेत तो त्यांच्यासाठी बनलेला नाही. एच-४ बल्बात दोन फिलामेंट (तापून उजेड देणाऱ्या तारा) असतात, लो बीमचे (जवळच्या, खाली वळलेल्या झोताचे) ५५ वॅटचे आणि हाय बीमचे (लांबच्या झोताचे) ६० वॅटचे. लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला येतो आणि झोत खाली रस्त्याकडे वळतो. भिंतीवर उजेड आणि अंधार यांच्यामध्ये जी स्वच्छ रेषा दिसते, ती या वाटीच्या कडेमुळे.

हे सगळे गणित फिलामेंटच्या जागेवर बेतलेले आहे. एलईडी बल्बात चिप (उजेड देणारे छोटे तुकडे) एका पट्टीच्या दोन्ही बाजूंना असतात. पट्टीला जाडी असते, आणि चिप मूळ जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकली तरी झोत फिसकटतो. थोडा उजेड रेषेच्या वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो, बराचसा बंपरपुढेच सांडतो. जवळचा रस्ता लख्ख उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचे आणखीच कमी दिसते. एकूण उजेड वाढूनही नजर तोकडी पडते, ती यामुळे.

बल्बची कॉलर (होल्डरमध्ये बसणारी कडी) फिरणारी असेल तर चिप बरोबर डावी-उजवीकडे येतील अशी लावून पाहा आणि भिंतीवर रेषा तपासा. रेषा धूसर राहिली तर चांगल्या प्रतीचा हॅलोजन परत बसवा, हाच आमचा स्पष्ट सल्ला. अनेक देशांत हा बदल नियमातही बसत नाही.

प्रश्न : मग झेनॉन किंवा कारखान्यातून आलेली एलईडी खरोखर चांगली असते का?

हो, कारण तिथे दिवा आणि त्याचे भिंग एकमेकांसाठी घडवलेले असतात. ३५ वॅटचा झेनॉन बल्ब (फिलामेंटऐवजी वायूतल्या ठिणगीने उजळणारा) सुमारे ३,००० ल्युमेन (उजेडाचे माप) देतो. ५५ वॅटचा एच-७ (एकाच फिलामेंटचा) हॅलोजन साधारण १,५००. झेनॉनला पेटताना बॅलास्टकडून (त्याला वीज पुरवणाऱ्या डबीकडून) २० हजार व्होल्टच्या आसपास धक्का लागतो आणि पूर्ण उजेडाला काही सेकंद जातात. त्यामुळे स्विच चालू असताना त्याचा कनेक्टर काढू नये. एलईडी लगेच पेटते, वीज कमी खाते. मात्र तिची उष्णता चिपच्या मागे साचते. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) धुळीने माखला किंवा पंखा बंद पडला की उजेड उतरतो.

प्रश्न : दोन्ही बाजूंना सारखेच हॅलोजन बल्ब आहेत, तरी उजवा मंद दिसतो.

आधी बल्बांची अदलाबदल करा. मंदपणा बल्बासोबत दुसऱ्या बाजूला गेला तर बल्ब बदला, आणि जोडीनेच बदला. काचेला बोट लावू नका. लागलेच तर स्पिरिटने पुसा, नाहीतर तेलकट डागाशी काच जास्त तापून बल्ब लवकर जातो.

मंदपणा उजवीकडेच राहिला तर इंजिन आणि दिवे चालू ठेवून मल्टिमीटरने बॅटरीचे व्होल्टेज मोजा, मग बल्बच्या पिनांवर मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक असेल तर अर्थिंगचा गंजलेला बोल्ट किंवा करपलेला कनेक्टर शोधा. व्होल्टेज १० टक्के उतरले तर हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो. यावर १००/९० वॅटचा बल्ब हा उपाय नव्हे. वेगळा रिले (जास्त करंट झेलणारा विजेवर चालणारा स्विच) आणि जाड वायर नसेल तर होल्डर वितळतो.

प्रश्न : झोताची उंची घरी तपासता येते का?

येते. टायरमध्ये योग्य हवा, चालकाच्या जागी कुणीतरी बसलेले, झोताच्या उंचीचे डॅशबोर्डवरचे बटण शून्यावर. सपाट जागी दिवा भिंतीपासून ५ मीटरवर ठेवा. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खुणेने दाखवा. दिव्यावर १ टक्का (म्हणजे दर मीटरला १ सेंटिमीटर उतार) छापले असेल तर लो बीमची रेषा त्या खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली हवी. मागचा स्क्रू थोडा थोडा फिरवा आणि एका वेळी एकाच दिव्याकडे पाहा. रस्त्याच्या कडेच्या बाजूला रेषा वर चढलेली दिसेल. ती तशीच हवी, पादचारी आणि पाट्या त्यामुळेच दिसतात.

प्रश्न : पावसानंतर काचेच्या आत धुके धरते.

दिवे लावल्यावर काही वेळात विरत असेल तर काळजी नको. थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल तर मागचे रबरी झाकण आणि काचेची कड तपासा. हवा खेळण्यासाठी ठेवलेले भोक मात्र सिलिकॉनने बुजवू नका. आत शिरलेली वाफ तिथूनच बाहेर पडते.