डिस्क घेताना आधी अंधार बघ

गड्या, लातूरला बसून प्रेमाच्या आडून भीती दाखवणाऱ्या सिनेमाची परदेशी ब्लू-रे डिस्क मागवणार असशील, तर आधी खोक्यामागचा रीजन कोड वाच, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल त्याची खूण. भारत 'सी'मध्ये, अमेरिका 'ए', युरोप 'बी'. आपल्याकडचा साधा प्लेअर 'ए'वाली डिस्क चालवत नाही. माझे पहिले पैसे असेच पाण्यात गेले. त्याहून बारीक चित्राच्या फोर-के डिस्कला ही भानगड नाही.

असल्या सिनेमाच्या डिस्कची खरी परीक्षा अंधारात. रात्री दिवे घालवून बघ. काळ्या भागात राखाडी चौकोन वळवळले की समज, कॉम्प्रेशन, म्हणजे डिस्कवर मावावं म्हणून चित्र दाबणं, ढिसाळ आहे. चेहरे मेणाच्या बाहुलीसारखे गुळगुळीत दिसले, तर फिल्मचे कण, म्हणजे रिळावरच्या चित्राचा मूळचा दाणेदारपणा, पुसून टाकलेत. नायिका नायकाकडे मायेनं बघतेय की गळा धरणारेय, हे ओठांच्या बारीक थरथरीतून कळायचं. तीच गेली तर उरलं काय? नवखे लोक कणांनाच दोष समजतात, तू तसं करू नकोस.

सबटायटलचं तर विचारूच नको. 'लेट द राइट वन इन' या २००८च्या स्वीडिश सिनेमाच्या पहिल्या अमेरिकी डिस्कवर थिएटरातली सबटायटल्स बदलून सपक केली होती. बघणाऱ्यांनी बोंब मारली, तेव्हा पुढच्या प्रतींवर मूळची आली.

आवाज तपासताना कूलर बंद कर. असल्या सिनेमात शांतताच जास्त बोलते. मे महिन्यात हे लई अवघड आहे, मान्य. मग डिसेंबरपर्यंत थांब.

मेकिंगच्या क्लिपा किती आहेत, ते शेवटी बघितलं तरी चालतं.