भावा, आधी वस्ताद धर

व्हिडिओ बघून बर्फावरचं स्कीइंग शिकतो म्हणतोस. तालमीत वस्तादाशिवाय लाल मातीत उतरला असतास काय? मीबी उत्तराखंडातल्या औलीला पहिल्या दिवशी हाच शहाणपणा केला. उतार बघून भ्यालो, अंग मागं झुकलं. भार टाचांवर गेला की स्की, म्हणजे पायातल्या लांब पट्ट्या, वळायचं नावच घेत नाहीत. मी सरळ जाऊन अडवायच्या जाळीत घुसलो. दुसऱ्या दिवशी शिक्षकानं एवढंच सांगितलं, "नडगी बुटाच्या जिभेवर दाब, स्कीची टोकं जवळ, टाचा फाकव." वेग आपोआप उतरला. हे व्हिडिओत दिसतं, पण आपण चुकतोय ते आपल्याला दिसत नाही.

औलीत गढवाल मंडळ विकास निगमाचे ७ आणि १४ दिवसांचे कोर्स असतात, गुलमर्गला केंद्र सरकारची संस्था आहे. निदान तीन दिवस शीक, मग सोप्या उतारावर एकटा घासत बस.

स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांखालची एकच फळी, घेणार असशील तर मनगटाला गार्ड बांध. फळीची उताराकडची कड बर्फात रुतली की माणूस थेट आपटतो, हात आधी टेकतो.

तोवर रंकाळ्याला फेऱ्या आणि रोज बैठका मार. आणि जीन्स घालून जाऊ नकोस, भिजली की दिवसभर कुडकुडशील.