आधी ट्यूब उलटी करून वाचा

प्रश्न : केळीच्या बागेत काम असल्याने दिवसभर अंग घामाने भिजलेलं असतं. जांघेत आणि कमरेला नायटा झाला, त्याला आठ महिने झाले. मेडिकलमधून आणलेली ट्यूब लावली की चार दिवसांत खाज थांबते, बंद केली की दुप्पट पसरतो. जळगावला जायचं म्हणजे दिवस मोडतो. मोबाइलवरून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवलं तर जमेल का?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : जमेल. नायटा बहुतेक वेळा नजरेनेच ओळखला जातो : कड उचललेली, खवलेदार, आणि मधली कातडी बऱ्यापैकी साफ. पण तुमच्या बाबतीत ही कडच पुसट झालेली असण्याची शक्यता आहे, आणि त्याला कारण ती ट्यूब. मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे. नायटा बुरशीमुळे होतो. स्टेरॉइड खाज आणि लाली दाबतं, बुरशीला मारत नाही. उलट कातडीची प्रतिकारशक्ती दबते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. म्हणून चार दिवस बरं, मग दुप्पट. अशी 14 स्टेरॉइड मलमं 2018 मध्ये सरकारने शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. काउंटरवर काय चालतं ते वाचकांना ठाऊकच आहे.

तेव्हा पहिला फोटो नायट्याचा नको, ट्यूबचा पाठवा, पुढून आणि मागून. आजवर वापरलेल्या सगळ्या ट्यूबांचा.

मग जागेचे फोटो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीजवळ उभे राहा, फ्लॅश बंद. लेन्स आधी सुती कापडाने पुसा. शेतात फिरलेल्या मोबाइलवर धुळीचा आणि तेलकट बोटांचा थर असतो आणि निम्मे फोटो त्यानेच धुरकट येतात. एक फोटो दोन-तीन फुटांवरून, म्हणजे चट्टा नेमका कुठे आहे ते कळेल. दुसरा वीतभर अंतरावरून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. तिसरा कडेचा, तिरप्या उजेडात, कारण कड उचललेली आहे की सपाट ते समोरून कळत नाही. कॅमेऱ्याचं ब्यूटी फिल्टर बंद करा. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा, नाहीतर आकार घटून बारकावे जातात. जांघेचा फोटो पाठवायचा संकोच वाटत असेल तर तसं सांगा. कमरेवरचा चट्टा दाखवूनही बरंच काम होतं. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज जाते-येते, म्हणून फोटो आधी पाठवून ठेवा आणि व्हिडिओ कॉल बोलण्यासाठी ठेवा.

मधुमेह, यकृताचा किंवा हृदयाचा त्रास, चालू गोळ्या आणि घरात आणखी कोणाला खाज आहे का, हे न विचारताही सांगा. इट्राकोनॅझोलच्या, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाच्या, कॅप्सूल दिल्या तर त्या पोटभर जेवणानंतर लगेच घ्यायच्या. सोबत ॲसिडिटीची गोळी घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही, आणि मग ‘डॉक्टरांचं औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार येते. डॉक्टरांनी दिलेलं मलम चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेलं मलम, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्टा दिसेनासा झाल्यावर लगेच थांबू नका. उपचार किमान चार आठवडे, स्टेरॉइडने बिघडवलेल्या नायट्याला त्याहून जास्त. स्टेरॉइड बंद केल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत खाज उसळते, तेव्हा जुन्या ट्यूबकडे हात जातो. ती आधीच फेकून दिलेली बरी.

आणखी एक : कंबरेचा करगोटा. घामाने भिजून तो तिथेच वाळतो आणि त्याखालची कातडी कधी कोरडी होतच नाही. उपचार संपेपर्यंत काढून ठेवा. आतले कपडे आणि टॉवेल गरम पाण्यात धुऊन, उलटे करून उन्हात वाळवा. आपल्याकडच्या उन्हाचा एवढा तरी फायदा घ्या.

प्रश्न : ऑनलाइन डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदार मानतो का? मुलगी 17 वर्षांची आहे, तिच्या मुरमांसाठी विचारते.
— एक आई, शहादा

उत्तर : मानली पाहिजे. मार्च 2020 मध्ये टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली, तेव्हापासून अशी चिठ्ठी वैध आहे. मात्र तिच्यावर डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, सही, तारीख, रुग्णाचं नाव-वय आणि औषधाचं मूळ नाव हवं. ‘ही क्रीम लावा’ एवढाच मेसेज म्हणजे चिठ्ठी नव्हे. मुलगी अल्पवयीन आहे, तेव्हा कॉलवर तुम्ही सोबत बसा. दुकानात नाव अक्षर न् अक्षर जुळवून पाहा. ब्रँडच्या नावापुढे दोन अक्षरं जास्त असली की आतलं औषध बदलतं, कधी त्यात स्टेरॉइडही येतं.

ॲडापलीन हे मुरमांचं मलम दिलं तर रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. मुरमांवरच्याच बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून पांढरा अभ्रा वापरा. गोरेपणाची कुठली क्रीम ती लावत असेल तर रागावून नको, गोडीने विचारून घ्या आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : घरात पाच जणांना रात्रीची खाज, बोटांच्या बेचक्यात पुळ्या. प्रत्येकाची वेगळी अपॉइंटमेंट घ्यावी का?
— पारोळा

उत्तर : खरूज दिसते. एकाच कॉलवर सगळ्यांचे हात दाखवा, पण प्रत्येकाचं वय आणि कोणी गरोदर आहे का ते सांगा. परमेथ्रिन 5 टक्के मलम मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली आणि बेंबीतही, रात्री लावून 8 ते 12 तासांनी धुवायचं. सात दिवसांनी पुन्हा. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण 30 ग्रॅम लागतं. पाचही जणांनी एकाच रात्री लावा. एक जण राहिला की सगळ्यांना परत होते. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते, ती मलम फुकट गेल्याची खूण नाही.

प्रश्न : मुलाच्या दंडावर फिकट चट्टा आहे, खाजत नाही. फोटो पाठवून भागेल का?
— धडगाव

उत्तर : नाही. मुलांच्या गालांवरचे फिकट डाग बहुतेकदा साधे असतात, पण न खाजणारा चट्टा सुन्न आहे का ते फोटोत कळत नाही, आणि सुन्नपणा ही कुष्ठरोगाची खूण असू शकते. मुलाला डोळे मिटायला सांगा, कापसाच्या टोकाने चट्ट्याला हलकेच स्पर्श करा आणि ‘कुठे लागलं, बोट ठेव’ म्हणा. बोट चुकलं किंवा ‘कळलंच नाही’ म्हणाला तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. बोट बरोबर पडलं तरी चट्टा एकदा डॉक्टरांना प्रत्यक्ष दाखवाच, लहान मुलाच्या उत्तरावर पूर्ण विसंबता येत नाही. कुष्ठरोग निघाला तर औषध तिथे मोफत मिळतं, सहा किंवा बारा महिन्यांचं. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी करून घ्या.