ताब्ल दोत म्हणजे नक्की काय?

प्रश्न असा आहे की हॉटेलात 'अ ला कार्ट' आणि 'टेबल डी'होट' असं दोन्ही दिसतं, त्यातलं दुसरं म्हणजे काय आणि ते म्हणायचं कसं. उच्चार ताब्ल दोत, फ्रेंचमध्ये तो ह म्हणतच नाहीत आणि द पुढच्या ओ ला चिकटतो. आपल्याकडे केटरिंगवाले सरळ टीडीएच म्हणतात. शब्दशः अर्थ यजमानाचं टेबल. जुन्या फ्रान्समध्ये सराईत किंवा खानावळीत मालकाचं एक मोठं टेबल असायचं, ठरलेल्या वेळी सगळ्यांनी त्याच्याभोवती बसायचं, अनोळखी माणसं शेजारीशेजारी, आणि त्या दिवशी जे शिजलंय तेच ठरलेल्या पैशात खायचं, म्हणजे आपल्या खानावळीची पंगतच म्हणा ना! मग 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये रेस्टॉरंट सुरू झाली, तिथे स्वतंत्र टेबल, हव्या त्या वेळी या आणि यादी बघून हवं ते मागवा. ती यादी म्हणजे कार्त, म्हणून आ ला कार्त म्हणजे यादीप्रमाणे, प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे. टेबल गेलं तरी जुनं नाव मात्र ठरलेल्या किमतीच्या ठरलेल्या जेवणाला चिकटून राहिलं.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे तो 'ओत'. फ्रेंचमध्ये ओत म्हणजे यजमान आणि ओत म्हणजे पाहुणासुद्धा! मूळ लॅटिन होस्पेस, त्यातही दोन्ही अर्थ होते आणि हॉटेल, हॉस्टेल, हॉस्पिटल सगळे त्याच घराण्यातले. कार्तचं मूळ लॅटिन कार्टा म्हणजे कागद, आणि आपलं काडतूस पोर्तुगीज कार्तुशो वरून आलंय तेही शेवटी तिथेच पोचतं, कारण दारू आधी कागदाच्या पुंगळीत भरायचे.

फ्रान्समध्ये आज ताब्ल दोत म्हटलं तर बहुतेकदा होमस्टेमधलं जेवण, राहणारे पाहुणे घरच्यांबरोबर एकाच टेबलावर बसतात आणि सगळ्यांना तेच वाढतात, म्हणजे जुना अर्थ अजून जिवंत आहे. रेस्टॉरंटमधल्या फिक्स जेवणाला ते 'मन्यू' म्हणतात. त्यामुळे पॅरिसमध्ये मेन्यूकार्ड हवं असेल तर 'ला कार्त' मागा, मन्यू मागितलात तर सेट जेवण हवंय असं समजतील.