टोमॅटो सॉसला पाणी का सुटतं आणि बाटली का फसफसते?

तुमच्या दोन तक्रारी आहेत: सॉसवर पाणी येतं, आणि आठवड्याभरात बाटली उघडताना फसफसते. दोन्हींची कारणं वेगळी आहेत. फसफसलेली बाटली मात्र आधी टाकून द्या. पुन्हा उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका.

पाण्याचं कारण तुमच्या कृतीतच आहे. तुम्ही कच्चे टोमॅटो मिक्सरमधून काढून मग शिजवलेत. टोमॅटो चिरला किंवा वाटला की त्यातली विकरं (एन्झाइम) लगेच पेक्टिन, म्हणजे फळातला घट्टपणा देणारा चिकट पदार्थ, तोडायला लागतात, आणि गरात पाणी धरून ठेवायचं काम तर पेक्टिनचंच. म्हणून फोडी चिरल्या चिरल्या मोठ्या आचेवर चढवा, मऊ झाल्या की गाळणीवर घासून साल-बिया काढा. टोमॅटो पूर्ण लाल हवेत. नारायणगाव, पिंपळगावचा माल बाजारात उतरतो तेव्हा लांबट, घट्ट गराचे निवडून घ्या. देठाजवळ हिरवा भाग राहिला तरी रंग मळकट येतो.

एक किलो गराला 75 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम मीठ, 50 ग्रॅम कांदा, 10 ग्रॅम आलं, 5 ग्रॅम लसूण. कांदा-आलं-लसूण ठेचून दालचिनी, लवंग, मिरी, जिऱ्यासोबत पुरचुंडीत बांधा. मसाल्याची पूड घातलीत तर सॉस काळपट होतो. लोखंडी कढईही नको, स्टीलचं जाड पातेलं घ्या. साखर एक तृतीयांश सुरुवातीला, बाकीची शेवटाकडे. गर आटून साधारण तिसरा हिस्सा उरला की थेंब बशीत टाका. भोवती पाण्याचं कडं उमटलं नाही, तर झाला.

आता व्हिनेगर. तुम्ही ते 'चव बिघडते' म्हणून वगळलंत, ते मला अजिबात पटत नाही. सुरक्षिततेसाठी सामू (पीएच; जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली लागतो आणि टोमॅटो नेमका त्या सीमेवरचा. फार पिकलेला तर वरही जातो. किलोभर गराला 4 टक्क्यांचं 40 मिली व्हिनेगर घाला, पण उतरवायच्या जरा आधी, नाहीतर उडून जातं.

उकळलेल्या गरम बाटलीत गरम सॉस भरा, वर बोटभर जागा सोडा, झाकण लावा. मग तळाशी फडकं घातलेल्या पातेल्यात, उकळत्या पाण्यात 30 मिनिटं बाटल्या बुडवून ठेवा. तुमच्याकडून हीच पायरी राहिली, म्हणून यीस्ट वाढलं आणि बाटली फसफसली. सोडियम बेन्झोएट हे टिकाऊपणासाठीचं रसायन घालायचं असेल तर तयार सॉसच्या किलोला पाव ग्रॅम पुरे, गरम पाण्यात विरघळवून. केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, दुसरं टिकवणारं रसायन) इथे नको, त्याने लाल रंग उडतो. बाटल्या छोट्या घ्या, कारण उघडलेली फ्रिजमध्येच ठेवावी लागते.