कबरीपाशी ओरडणाऱ्या हॅम्लेटचं प्रेम खरं मानायचं का?

प्रश्न: परवा पुण्यातच एका हौशी ग्रुपचा 'हॅम्लेट' बघितला. प्रेयसी ऑफिलियाला पुरताना हॅम्लेट कबरीत उडी मारतो आणि ओरडतो, चाळीस हजार भावांचं प्रेम एकत्र केलं तरी माझ्याएवढं भरणार नाही! अहो पण यानेच तिला मठात जा म्हणून हाकललं ना, तिच्या बापाला मारलं ना. मैत्रीण म्हणते खरं प्रेम, मी म्हणते निव्वळ नौटंकी. आणि मराठीत कुठलं भाषांतर वाचू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: माझं मत विचाराल तर प्रेम खरं, पण तो आरडाओरडा चाललाय लेआर्टीसला, म्हणजे ऑफिलियाच्या भावाला, ऐकवायला.

सीन नीट आठवा. ऑफिलिया गेली हेच हॅम्लेटला माहीत नाहीये, तो यॉरिक विदूषकाची कवटी हातात घेऊन गप्पा मारतोय आणि शेजारचा खड्डा कुणाचा हे त्याला लेआर्टीस 'माझी बहीण' म्हणतो तेव्हा कळतं. पाद्री आत्महत्येच्या संशयावरून सगळे विधी करायला तयार नाही, लेआर्टीस भडकतो, कबरीत उडी टाकून तिला मिठी मारतो, आता आम्हा दोघांवर माती लोटा म्हणतो, आणि हे बघून हॅम्लेट पुढे येतो. बातमी कळून दोन मिनिटं झाली नसतील आणि लगेच मोजामोजी, तू रडशील? उपास करशील? मगर खाशील? मी पण खाईन! पुढच्याच सीनमध्ये तो मित्र होरेशिओजवळ कबूल करतो की लेआर्टीसच्या दुःखाचा तोरा बघून माझं डोकं फिरलं.

गंमत म्हणजे (गंमत कसली, वाईटच वाटतं) पहिल्या अंकात हाच पोरगा काळे कपडे घालून आईला सुनावतो की उसासे, अश्रू कुणीही आणू शकतं, माझं दुःख आत आहे. बाप जाऊन दोन महिने नाहीत तोवर आईचं काकाशी लग्न, वर तोच काका म्हणतो पुरे आता तुझं सुतक. ज्याला धड रडूच दिलं नाही तो दुसऱ्याला मोकळेपणी रडताना बघून पेटतो, मला तरी हे पटतं. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, कबरीपाशी एवढ्या बडबडीत पोलोनियसचं, त्याने मारलेल्या ऑफिलियाच्या बापाचं, नाव एकदाही नाही! मेलेला बाप आणि सोडून गेलेला प्रियकर कसे एकात एक कालवले जातात ते बघायचं तर चौथ्या अंकात ऑफिलियाची वेडातली गाणी वाचा, अख्ख्या नाटकातलं सगळ्यात खरं दुःख तिथे आहे.

उडीचं म्हणाल तर १६०३च्या पहिल्या छापील प्रतीत हॅम्लेटच्या उडीची सूचना आहे, १६२३च्या फोलिओत (शेक्सपिअरच्या नाटकांच्या एकत्रित छापील पुस्तकात) फक्त लेआर्टीसची. मी बसवलं असतं तर हॅम्लेटला वरच उभा ठेवला असता.

भाषांतरात आगरकरांचं 'विकारविलसित' आहे, १८८३चं, पण भाषा जुन्या वळणाची. पहिल्यांदाच वाचताय तर नाना जोगांचं घ्या.